तिच्या दारावरून

गावाची पोलीस पाटील झाले तेव्हा मला वाटलं होतं, आपलं काम म्हणजे भांडणं सोडवणं. प्रत्यक्षात काम निघालं कागद भरण्याचं. कोणाच्या वावरात मेलेलं जनावर सापडलं, लिहा. कोणाकडे अनोळखी पाहुणा पंधरा दिवस मुक्कामाला आहे, लिहा. गणपती किती बसले, किती वाजता उठले, तेही लिहा. माझं अक्षर बरं आणि तोंड फटकळ, या दोन गुणांवर माझं ठीक चाललं होतं. लोक तोंडावर 'पाटीलबाई' म्हणतात. मागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही.

आमचं गाव अमरावती विभागातल्या मालेगाव तालुक्यात, किन्हीराजाकडच्या रस्त्यावर एक फाटा आहे तिथून दीड किलोमीटर आत. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी राहते. सगळे तिला मोठी माय म्हणतात, मीही म्हणते. तिच्या एकुलत्या एका मुलाने त्याच्या चुलतभावाला जिवे मारलं होतं. दोघांची विहीर सामाईक, मोटार एक, आणि विजेची लाईन दिवसातून काही तासच. पाळी कोणाची यावरून जुंपली आणि याच्या हातात फावडं होतं. एकच घाव बसला. मग हा पळाला नाही. पोलीस येईपर्यंत विहिरीच्या काठावर बसून चुलतभावाच्या डोक्याला आपला दुपट्टा दाबून धरून होता, असं पाहणारे सांगतात. जन्मठेप झाली. याची बायको पहिल्याच वर्षी माहेरी गेली ती गेलीच. मेलेल्याची बायको मात्र गेली नाही. ती गावात सासरीच राहिली, दोन गल्ल्या सोडून, फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच.

जेलात काही वर्षं नीट काढली की कैद्याला संचित रजा मागता येते. एकवीस दिवस घरी यायचं, रोज ठाण्यात हजेरी लावायची आणि मुदत संपली की आपल्या पायांनी परत जेलात जायचं. पण ती मिळण्याआधी ठाण्याचा अहवाल जावा लागतो. ठाणं तेव्हा आम्हाला विचारतं, हा माणूस आला तर गावात काही बिघडेल का, आणि मयताच्या घरच्यांचं म्हणणं काय?

त्याचा पहिला अर्ज आला तेव्हा मी या कामात नवीन होते. असा अहवाल कसा लिहितात ते मला ठाऊक नव्हतं. कपाटात आधीच्या पाटलांनी कुठल्याशा दुसऱ्या माणसाबद्दल लिहिलेली एक नक्कल सापडली. 'सदर इसम गावात आल्यास शांतता भंग होण्याची शक्यता आहे. मयताच्या पत्नीची हरकत आहे.' वाक्यं मला फार आवडली. भारदस्त वाटली. तरी मी अगदीच डोळे मिटून उतरवली नाहीत, विचारायला म्हणून मयताच्या घरी गेले. आमच्याकडे विचारायचं म्हणजे घरच्या माणसाला विचारायचं, आणि घरचा माणूस म्हणजे तिचा दीर. तो ओसरीवर बसला होता. म्हणाला, "आमची हरकत हाये, लिहा." मी 'पत्नीची हरकत आहे' असं लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, चहा प्यायले आणि आपण मोठं काम केलं अशा थाटात घरी आले.

रजा नामंजूर झाली.

तेव्हा मोठ्या मायला दिसत होतं. थोडं कमी, पण दिसत होतं. डोळ्यांत काचबिंदू होता आणि तो कोणी वेळेवर ओळखला नाही. पुढच्या वर्षी तिच्या मुलाने पुन्हा अर्ज केला तोवर दोन्ही डोळे गेले होते. मी चौकशीला गेले तर ती दारात बसून लसूण सोलत होती. माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं तिने.

"मांगच्या साली आला असता तं तोंड पाह्यलं असतं मी त्याचं," ती म्हणाली. "आता हातानं पाहीन. चालते. हाताले बी समजते."

तिला ठाऊक नव्हतं की मागच्या साली तो कोणाच्या अक्षरामुळे आला नाही. मी तिच्यासमोरच बसून सोललेल्या लसणाच्या कुड्या उगाच वेचत राहिले. सांगावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. आजही तिला सांगितलेलं नाही आणि त्याची मला लाज वाटते.

या वेळी मी दिराकडे जवळजवळ धावतच गेले. तोही नरमला होता. "येऊ द्या बाप्पा, म्हातारी आंधळी झाली. लिहा, हरकत नाई." मी 'पत्नीची हरकत नाही' लिहिलं, खाली सही त्याचीच घेतली. त्याचा जऊळक्याचा मामा जामीन राहिला. रजा मंजूर झाली तसा ठाण्यातून हवालदारांचा फोन आला. "पाटीलबाई, एक बी तक्रार आली तं रजा तिथंच खलास, अन् पुढची बी इसरा." तक्रार करणारं गावात एकच माणूस होतं, मेलेल्याची बायको. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मनाशी धरली. म्हातारीला हे एकवीस दिवस पुरेपूर मिळाले पाहिजेत, त्यातला एकही कोणी खाऊ नये.

तो आला त्या दिवशी मी फाट्यावर उभी होते. दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीन निघालं होतं, तूर माणसाएवढी उभी होती. ऑटोतून उतरलेला माणूस मी आधी ओळखलाच नाही. केस पांढरे, गाल आत, हातात एक कापडी पिशवी. वयाने माझ्याएवढाच, पण माझ्या सासऱ्याचा भाऊ शोभला असता. मला पाहून त्याने हात जोडले.

"हे बघ भाऊ," मी म्हटलं, "रोज सकायी ठाण्यात जाचं, दुपारपर्यंत वापस याचं. संध्याकायी मी घरी येऊन पाहीन. अन् गावातल्या रस्त्यानं जाचं नाई. तिचं घर लागते. नाल्याच्या काठानं मांगून फाट्याले निघाचं, तसंच मांगून घरी याचं."

"वहिनी, पर तिकडून..."

"तिकडून काय? पाय दुखतीन काय? सांगतलं तेवढं कर."

त्याने मान खाली घातली. जेलात माणूस उलट बोलायचं विसरत असावा. मी मात्र खूश होते. एवढी बारीक काळजी गावात दुसऱ्या कोणाला सुचली असती का, असा विचारही मनात येऊन गेला.

नाल्याच्या काठाने मीच त्याला घरापर्यंत नेलं. म्हातारी अंगणात उभी होती, कोणाच्या तरी घरून मागून आणलेलं नवं लुगडं नेसून. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने हात पुढे केले. कपाळ, भुवया, नाक, गाल असं हळूहळू चाचपलं. गालावर हात थांबला.

"हाडं काहून लागून राह्यली रे हाताले?" ती म्हणाली. "तिकडे जेवाले देत नाई काय?"

"देतात ना माय."

"मंग खात नसशीन तू. लहानपनीबी असाच होता."

एवढं बोलून ती रडायला लागली. मग तो रडला. मी तिथून निघायला हवं होतं, पण निघाले नाही. तोंड फिरवून कुंपणाच्या काट्यांकडे पाहत मीही रडून घेतलं.

रोज संध्याकाळी मी जायची. ठाण्याला मोबाइलवर त्याचा फोटो पाठवावा लागे, तो घरीच आहे याचा पुरावा म्हणून. पहिल्या दिवशी म्हातारीने विचारलं, फोटोत मी बी हावो काय? तेव्हापासून ती रोज पदर सारखा करून त्याच्या शेजारी बसू लागली. हवालदारांचा निरोप आला, "आजीचा फोटो नाही पाठवला तरी चालेल." मी उत्तर दिलं, "ती ऐकत नाही." त्यावर त्यांनी नुसता अंगठा पाठवला. मग बाकी सगळे फोटो दोघांचेच गेले.

जेलात तो सुतारकामावर होता. घरी आल्यावर हात स्वस्थ बसेनात. म्हातारी भिंत चाचपत फिरते, दोनदा पडली आहे, हे त्याने पाहिलं. मग त्याने अंगणात कमरेएवढे खुंटे रोवले आणि खाटेपासून नळापर्यंत, नळापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून दारापर्यंत दोर बांधला. वळणावर गाठ मारली. एक गाठ म्हणजे नळ, दोन म्हणजे न्हाणी, तीन म्हणजे दार. म्हातारी दोर धरून दिवसातून दहा वेळा उगाच नळापर्यंत जाऊन यायची. "पाह्य, आता मी पडत नाई," असं मला दाखवायची. मी खुंट्यांना हात लावून पाहिले. एकालाही कुठे खरखरीतपणा नव्हता, सगळे घासून गुळगुळीत केले होते. ज्या हातांनी फावडं मारलं तेच हे हात, हे मला त्या अंगणात उभं राहून पटवून घ्यावं लागे.

नवव्या दिवशी मी भाकरी थापत होते तेव्हा मेलेल्याची बायको माझ्या दारात येऊन उभी राहिली. ती माझ्या घरी कधी येत नसे. गेली रजा, मनात म्हटलं.

"पाटीलबाई, एक इचारू काय?"

"बस ना आधी."

ती बसली नाही. "तो मानूस रोज माह्या वावरातून काहून जाते?"

मला क्षणभर समजलंच नाही. "तुह्या वावरातून? तो तं नाल्याच्या काठानं जाते. मीच सांगतलं त्याले. तुह्या दारावरून जाऊ नये म्हनून. तुले तरास नको म्हनून."

"नाल्याच्या काठाले काय हाये?"

नाल्याच्या काठाला ती विहीर आहे. गावात आल्यापासून मी ती शंभरदा पाहिलेली. पण रस्ता ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त घरं होती. तिचं वावर दीर करतो असंच मी धरून चालले होते. ती वर्षभरापूर्वी दिरापासून वेगळी निघाली, हरभरा स्वतः पेरते, मोटार स्वतः चालू करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. आणि त्या बिचाऱ्याने फाट्यावर तोंड उघडलं होतं, तर मी त्याचं बोलणं मध्येच तोडलं होतं.

"दारावरून गेला असता तं मी दार लावून घेतलं असतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हे मला जास्त लागलं. "वावरात कायचं दार लावू? माहं पानी देनं चालू असते अन् तो त्या हिरीजवळून जाते. दिवसातून दोनदा. मान खाली घालून जाते, माह्याकडे पाहत बी नाई. पर मले तं दिसते ना."

"चुकलं माहं," मी म्हटलं.

"एवढंच नाई. आमच्या भांडनात दीर बोलून गेला, तेव्हा मालूम झालं मले. एक डाव तुमी माह्या नावानं 'नाई' लिहिलं. दुसऱ्या डावी माह्या नावानं 'हो' लिहिलं. मले कोनी इचारलं? त्या दिवशी चहा तं मीच आनून देल्ला होता तुमाले."

खरं होतं. कप तिनेच हातात दिला होता आणि मी तिच्याकडे न बघता तो घेतला होता. माझं तोंड या गावात सरपंचापुढे बंद झालं नाही, तहसीलदारापुढे झालं नाही. तिच्यापुढे झालं. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास येत होता आणि ती उतरवायला दोघींपैकी कोणीच हललं नाही.

"मंग तूच सांग," शेवटी मी म्हटलं. "कुठून जाऊ देऊ त्याले? नको म्हनशीन तं ते बी सांग. तू म्हनशीन तेच ठान्यात सांगीन मी. शब्द बदलनार नाई."

हे बोलताना मला अंगणातला तो दोर आठवत होता, आणि तरी मी बोलले. म्हातारीसाठी पुन्हा एकदा हिचं म्हणणं गिळून टाकायचं, हे मला जमलं नसतं.

"आज नाई सांगत," ती म्हणाली. "मले इचार करू द्या. इतक्या वर्सांत हे मले कोनी इचारलंच नाई."

दोन दिवस मी त्याला माझ्या स्कूटीवर मागे बसवून, गाडीवाटेने मोठा वळसा घालून फाट्यावर सोडलं आणि तसंच परत आणलं. गावाने काय काय पाहिलं असेल ते असो. माझ्या नवऱ्याने तोंड वाकडं केलं, तेव्हा त्याला म्हटलं, तुम्ही सोडता का? मग तो पेपर वाचायला लागला. म्हातारीला मी यातलं काही सांगितलं नाही, पण मुलाला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "त्या नाई म्हनल्या तं मी उद्याच वापस जातो वहिनी. मायले सांगजा, साहेबानं बलावलं." त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. संध्याकाळी फोटो काढताना म्हातारी पदर सारखा करून बसायची आणि मी एकाऐवजी दोन-दोन फोटो काढून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी मीच तिच्या वावरात गेले. हरभऱ्यात पाणी फिरत होतं. मला पाहून तिने मोटार बंद केली आणि हात पदराला पुसत आली.

"हरकत हाये माही," ती म्हणाली. "हाये अन् राहीन. तो सत्तर वर्साचा होऊन आला तरी राहीन. ते लिहून ठेवजा कुठं तरी, माह्या नावानं."

"लिहून ठेवीन."

"पर म्हातारीले लेक भेटला, त्याच्यात मले आडवं पडाचं नाई. जाऊ द्या माह्या दारावरून. दार लावाचं का उघडं ठेवाचं, ते माहं मी पाहीन."

मी तिचे हात धरले. ते पाण्याने गार पडले होते. तिने सोडवून घेतले नाहीत, पण धरलेही नाहीत, आणि थोड्या वेळाने जाऊन मोटार पुन्हा चालू केली.

उरलेले दिवस तो गावातल्या रस्त्याने गेला. सकाळी आठला तो तिच्या गल्लीच्या तोंडाशी येई, तेव्हा कडी लागल्याचा आवाज होई. दुपारी परत येताना पुन्हा तसाच. तो पावलं उचलून झपाझप जायचा. लोक ओट्यांवरून बघायचे, कोणी बोलायचं नाही. तक्रार एकही झाली नाही. मला त्या कडीच्या आवाजाचं भय वाटायचं बंद झालं. ऐकला की वाटायचं, आजचा दिवस नीट गेला.

एकविसाव्या दिवशी त्याला जेलात परतायला अमरावतीची गाडी धरायची होती. म्हातारीने सकाळपासून धोशा लावला, मी फाट्यापर्यंत येते. तिला एवढं चालवेल का, असं मी म्हटलं तर माझ्यावरच डाफरली. तिने भाकरी बांधल्या होत्या, मुगाचे वडे घातलेली भाजी एका डब्यात होती, आणि डबा उघडू नकोस, जेलातच उघड, असं त्याला दहादा बजावून झालं होतं. ते जेलात नेऊ देत नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो प्रत्येक वेळी बरं म्हणाला.

आम्ही निघालो. त्याने पिशवी एका हातात घेतली होती आणि दुसऱ्या हाताच्या कोपराला म्हातारी धरून होती. ती मुंगीच्या पावलांनी चालत होती. त्यामुळे त्यालाही त्या दिवशी झपाझप जाता येत नव्हतं. मेलेल्याच्या बायकोची गल्ली आली. मी कडीच्या आवाजासाठी कान देऊन होते. तो आला नाही. त्याऐवजी सूप हलल्याचा आवाज येत होता.

ती दारातच बसली होती. उडीद पाखडत होती. दार तिच्या मागे सताड उघडं होतं. तिने मान वर केली नाही, पण हातही थांबवला नाही. त्याचे पाय जागच्या जागी थिजले.

म्हातारीने मान एका बाजूला केली. "कोनाचं घर हाये हे? कोन पाखडून राह्यलं?"

मी तोंड उघडलं आणि या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, आपणहून मिटून घेतलं. उत्तर माझं नव्हतं.

सुपाचा आवाज थांबला.

"मी हावो, मोठी माय," ती म्हणाली. "जपून जाजा. समोर नाली हाये, फरशी हलते तिची."

म्हातारीचा हात त्याच्या कोपरावर घट्ट झाला. तिने नुसती दोनदा मान हलवली. त्याने पिशवी खाली ठेवली, नालीवरच्या फरशीवर आपला पाय दाबून धरला आणि दोन्ही हातांनी आईला पलीकडे नेलं. मागे उडीद पुन्हा सुपात वाजू लागला. मी त्याची पिशवी उचलली आणि आम्ही तिघं फाट्याकडे निघालो.